मध्यरात्रीचे रक्त

रक्ताचा थेंब खोटे बोलत नाही, अशी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक पक्की समजूत असते. डॉक्टरांच्या बोलण्यावर लोक शंका घेतील, औषधाच्या किमतीवरून कुरकुर करतील. पण लॅबोरेटरीच्या छापील कागदावर निगेटिव्ह हा शब्द दिसला, की सगळे घर सुटकेचा निःश्वास टाकते. नोकरीनिमित्त आफ्रिकेत असलेला मुलगा सुटीवर येतो, चौथ्या दिवशी तापाने फणफणतो, रक्त तपासून होते, मलेरिया नाही असा रिपोर्ट येतो आणि आई त्याला मऊ भात भरवून झोपवते. तो कागद नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा पहिला धडा जगाला ज्याने घालून दिला, तो माणूस वारला त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. त्याचे नाव सर पॅट्रिक मॅन्सन.

रोनाल्ड रॉस आपल्याला शाळेच्या पुस्तकातच भेटतो. सिकंदराबाद, डास, हिवताप, नोबेल पारितोषिक एवढे तरी प्रत्येकाला आठवते. मॅन्सन हा रॉसचा गुरू. पण गुरूची गोष्ट शिष्याच्या गोष्टीपेक्षा मला जास्त मोहात पाडते, आणि त्याला एक खासगी कारणही आहे. मॅन्सनचा बाप बँकेचा मॅनेजर होता. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनजवळ ओल्डमेल्ड्रम नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या शाखेचा कारभार तो पाहत असे. या घरात ३ ऑक्टोबर १८४४ रोजी पॅट्रिकचा जन्म झाला. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे घालवलेल्या माणसाला अशा योगायोगाचे जरा अप्रूप वाटणारच.

मुलगा डॉक्टर होणार असे सुरुवातीला कुणाच्याच मनात नव्हते. आईकडच्या नातलगांचा लोखंडाचा कारखाना होता. तिथे पोराला उमेदवारीला घातले. काम अंगमेहनतीचे होते आणि अंग तयार झालेले नव्हते. पाठीचा कणा दुखावला, उजव्या हातातली शक्ती कमी झाली आणि कित्येक महिने अंथरुणात काढावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत निसर्गशास्त्राची गोडी लागली आणि त्यातून तो वैद्यकाकडे वळला. १८६५ साली त्याने अॅबर्डीन विद्यापीठाची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी चीनच्या जकात खात्यातली वैद्यकीय अधिकाऱ्याची नोकरी पत्करून तो फॉर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, गेला. तिथून १८७१ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या अमॉय बंदरात आला. आज या शहराला शियामेन म्हणतात. बंदरात येणारी जहाजे तपासायची आणि उरलेल्या वेळात मिशनच्या इस्पितळात गोरगरिबांवर उपचार करायचे, असे कामाचे स्वरूप होते.

अमॉयच्या लोकांचा परक्या डॉक्टरवर विश्वास नव्हता. बंद दाराआड हा काय करतो कोण जाणे, अशी कुजबुज होती. मॅन्सनने सरळ दार उघडे टाकले. रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्याला आतले सगळे दिसेल, शस्त्रक्रियासुद्धा दिसेल, अशी व्यवस्था केली. कुजबुज आपोआप कमी झाली आणि रुग्ण वाढले. त्यातले पुष्कळ हत्तीरोगाचे होते. पाय खांबासारखे सुजलेले, कातडी झाडाच्या सालीसारखी झालेली, चालणे मुश्कील. मॅन्सन शस्त्रक्रिया करून सुजेची ओझी कापून काढत असे. अशा शेकडो शस्त्रक्रिया त्याने केल्या, पण रोग कशाने होतो ते त्याला कळत नव्हते.

१८७५ मध्ये तो रजेवर मायदेशी गेला. त्या रजेत त्याने दोन गोष्टी केल्या. एक लग्न, आणि दुसरी लंडनच्या ग्रंथालयात बसून वाचन. तिथे त्याला कळले, की कलकत्त्यात टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरला १८७२ साली माणसाच्या रक्तात वळवळणाऱ्या सूक्ष्म अळ्या सापडल्या आहेत. मॅन्सन एक चांगला मायक्रोस्कोप विकत घेऊन अमॉयला परतला आणि गावकऱ्यांची बोटे टोचू लागला.

एकट्याने किती काचा पाहणार? म्हणून त्याने दोन चिनी विद्यार्थी हाताशी घेतले. एक दिवसा रक्त घेऊन तपासायचा, दुसरा रात्री. काही दिवसांनी दोघांची टिपणे समोर ठेवली तर मेळच बसेना. रात्री काम करणाऱ्याला अळ्या भराभर सापडत होत्या, दिवसा काम करणाऱ्याच्या वहीत जवळजवळ शून्य.

आमच्या बँकेत दोन खतावण्या जुळल्या नाहीत की पहिला संशय माणसावर जातो. कुणीतरी आळस केला असेल, कुणाची बेरीज चुकली असेल. मॅन्सनने मात्र रक्तावरच संशय घेतला, आणि इथेच मला त्याचे मोठेपण दिसते. ज्यांच्या रक्तात अळ्या असल्याचे नक्की ठाऊक होते अशी माणसे निवडून त्याने त्यांचे रक्त दर काही तासांनी, दिवसरात्र, आठवड्यामागून आठवडे तपासवले. मग आकृती स्पष्ट झाली. सूर्य मावळल्यावर अळ्या रक्तात दिसू लागतात, मध्यरात्रीच्या सुमारास त्यांची नुसती झुंबड उडते, पहाटेपासून त्या ओसरतात आणि सकाळी नऊदहाला त्याच माणसाचे तेच बोट टोचले तर काच स्वच्छ! माणूस तोच, रोग तोच, तपासणारा तोच. बदललेले असते फक्त घड्याळ.

लंडनच्या विद्वानांना ही हकीकत पचली नाही. या अळ्या जवळ घड्याळे बाळगतात की काय, अशी थट्टाही झाली म्हणतात. ती थट्टा जिरवली ती १८८१ मध्ये लंडनच्याच स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरने. हिंदुस्थानात राहून आलेला एक सैनिक त्याच्या इस्पितळात होता आणि त्याच्या रक्तात रात्रीच्या अळ्या होत्या. मॅकेन्झीने त्याला दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लावले. काही दिवसांत अळ्यांनीही आपली वेळ बदलली आणि त्या दिवसा दिसू लागल्या. प्रवासी माणसाचे रक्त सात समुद्र ओलांडून आले तरी आपली घडी सांभाळून असते, आणि माणसाने झोप बदलली की तीही बदलते, ही विलक्षण गोष्ट त्या एका सैनिकाने दाखवून दिली.

या अळ्या रात्रीच का येतात, याचा मॅन्सनने लावलेला अर्थ मला अतिशय देखणा वाटतो. अळी स्वतः रक्तात वाढून मोठी होत नाही. तिची आई, केसासारखी बारीक आणि बोटभर लांब, शरीराच्या रसवाहिन्यांत दडून बसलेली असते. अळीला पुढचे आयुष्य हवे असेल तर माणसाबाहेर पडायला हवे. बाहेर नेणारा कोण? रात्री चावणारा डास. तो येण्याच्या वेळी ती कातडीजवळच्या रक्तात येऊन थांबते, गाडीच्या वेळेला उतारू फलाटावर येतात तशी.

हे त्याने नुसते कल्पिले नाही. त्याच्या हिन लो नावाच्या माळ्याच्या रक्तात अळ्या होत्या. १८७७ मध्ये मॅन्सनने त्याला एका छोट्या खोलीत झोपायला लावले. दिवा लावून दार उघडे ठेवायचे, डास आत आले की बंद करायचे आणि सकाळी भिंतीवरचे टम्म फुगलेले डास गोळा करायचे. ते डास एकेक दिवसाच्या अंतराने उघडून पाहिले तेव्हा अळी आपले आवरण टाकते, डासाच्या पोटातून छातीच्या स्नायूंत शिरते आणि तिथे वाढते, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर उलगडले. कीटक माणसाच्या रोगाचा वाहक होतो याचा हा पहिला पुरावा. रॉसच्या वीस वर्षे आधीचा. आजच्या नजरेने पाहिले तर स्वतःच्या नोकराला डासांच्या खोलीत झोपवणे खटकते, आणि खटकायलाच हवे. त्या काळी कुणाला खटकले नाही.

पुढे डासाच्या छातीतून ती अळी माणसात कशी येते, तिथे मात्र मॅन्सन चुकला. डास पाण्यात पडून मरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो, असे त्याने गृहीत धरले. १९०० साली जॉर्ज लो या त्याच्याच सहकाऱ्याने डासाच्या सोंडेत अळ्या दाखवल्या आणि प्रश्न मिटला.

अमॉयनंतर तो १८८३ मध्ये हाँगकाँगला गेला. तिथली सहा वर्षे हे एका स्वतंत्र लेखाचे सामान आहे. ताजे दूध मिळत नाही म्हणून त्याने काही व्यापाऱ्यांना हाताशी धरून १८८६ मध्ये डेअरी काढली आणि तिची पुढे मोठी कंपनी झाली. १८८७ मध्ये चिनी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढले. सुन यत्सेन त्यातला एक विद्यार्थी. १८९६ साली लंडनमध्ये चिनी वकिलातीने सुन यत्सेनला पकडून डांबून ठेवले, तेव्हा मॅन्सन स्वतः वकिलातीच्या दारात गेला. असा कोणी माणूस इथे नाही, असे त्याला सांगण्यात आले. नाही म्हटल्यावर परत फिरणाऱ्यांतला तो नव्हता. तो आणि त्याचा मित्र कँट्ली यांनी पोलीस, परराष्ट्र खाते, वर्तमानपत्रे सगळीकडे धाव घेतली आणि सुन यत्सेन सुटला. पुढे तो चिनी प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष झाला.

१८८९ मध्ये पुरेशी पुंजी जमवून मॅन्सन स्कॉटलंडला परतला. उरलेले आयुष्य मासे पकडण्यात घालवायचे, असा बेत होता. पण पुंजी चिनी डॉलरात, म्हणजे चांदीत होती आणि जगभर चांदीचा भाव कोसळत होता. आपला रुपयाही त्याच काळात तसाच गडगडला. मॅन्सनची शिल्लक बघता बघता निम्म्यावर येते की काय अशी वेळ आली आणि त्याला पुन्हा दवाखाना थाटावा लागला, तो लंडनमध्ये. चांदी टिकली असती तर तो लंडनला आलाच नसता आणि रॉसची त्याच्याशी गाठही पडली नसती.

१८९२ पासून तो खलाशांच्या इस्पितळाचे काम पाहू लागला. लंडनच्या गोदीत जगभरची जहाजे लागत. त्यांवर आपल्या रत्नागिरीचे आणि गोव्याचे खलाशीही असत. उष्ण देशांतले ताप असे घरबसल्या त्याच्याकडे चालत येऊ लागले. १८९१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या रुग्णांच्या रक्तात त्याला आणखी अळ्या सापडल्या होत्या. त्यातली एक जात दिवसा दिसणारी होती, रात्री गायब! दिवसा चावणारी एखादी माशी तिला नेत असावी, हा त्याचा तर्क पुढे खरा ठरला. म्हणजे अमॉयचा धडा पाठ करून कुणी आफ्रिकेच्या रुग्णाचे रक्त फक्त रात्री घेतले असते तर तोही फसला असता.

दुसरी अळी अधिक कपटी निघाली. ती दिवसरात्र दिसे आणि आफ्रिकेतल्या झोपेच्या रोगाच्या रुग्णात सापडली होती. मॅन्सनला वाटले, हीच त्या रोगाची जनक. पुढे युगांडात पाहणी झाली तेव्हा जिथे झोपेचा रोग तिथे ही अळी नाही आणि जिथे अळी तिथे रोग नाही, असे निघाले. खरा गुन्हेगार दुसराच होता. ती बिचारी रक्तात नुसती राहत होती. काचेवर काही न दिसणे फसवते, तसे काही दिसणेही फसवते.

त्या खऱ्या गुन्हेगाराशीही मॅन्सनची गाठ पडली. काँगोतून आलेली एका मिशनऱ्याची बायको १९०२ मध्ये त्याच्याकडे आली. ताप येई, जाई. तिच्या रक्तात ट्रिपॅनोसोम हे परजीवी सापडले, पण तेही लहरीप्रमाणे. काही दिवस दिसायचे, काही दिवस कितीही काचा पाहिल्या तरी नाहीत. १९०३ च्या अखेरीस झोपेच्या रोगानेच ती गेली.

हिवतापाची कथा तशी प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां याने १८८० मध्ये हिवतापाचे परजीवी रक्तात पाहिले होते. हिंदुस्थानात रॉसला ते काही केल्या दिसत नव्हते, म्हणून असे परजीवी नाहीतच असे तो छापून मोकळा झाला होता. १८९४ मध्ये तो लंडनला आला आणि मॅन्सनने त्याला मायक्रोस्कोपखाली ते दाखवले. न सापडणे आणि नसणे यांतले अंतर रॉसला त्या दिवशी कळले. मग मॅन्सनने डासांची कल्पना त्याच्या डोक्यात भरली, शंभराहून अधिक पत्रे दोघांत झाली, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रॉसला डासाच्या पोटात परजीवी सापडले. पुढे या गुरुशिष्यांचे बिनसले. श्रेयाच्या भांडणात रॉस फार कडवट झाला, ते वाचून वाईट वाटते.

हा सगळा इतिहास मला माझ्या नोकरीमुळे अनपेक्षितपणे जवळ आला. १९८० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत माझी बदली झाली होती. जेवणे उरकून लोक ओट्यावर बसले की आरोग्य खात्याचा माणूस कंदील, सुया आणि काचपट्ट्या घेऊन दारोदार फिरे. हत्तीरोगासाठी रात्रीचे रक्त. गावात त्यावरून नाना वावड्या उठत. दिवसाढवळ्या न येता हा अंधारात रक्त का नेतो, विकतो की काय, असे म्हातारे विचारत. तो बिचारा वरिष्ठांचा हुकूम एवढेच सांगे. हुकूम अमॉयहून, शंभर वर्षांपूर्वी निघालेला होता, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि तेव्हा मलाही. बँकेत आम्ही शिल्लक असल्याचा दाखला देत असू, त्यावर अमुक तारखेस व्यवहार बंद होतेवेळी असे शब्द असत. त्या रात्रीच्या काचपट्टीवरही मनगटी घड्याळात पाहून तो वेळ टिपत असे.

आता हत्तीरोगासाठी रात्रीचीच वाट पाहावी लागते असे नाही. मोठ्या किड्याचा रक्तात उतरलेला अंश ओळखणारी पट्टी दिवसाही चालते. पण मध्य आफ्रिकेत राहून आलेल्याच्या रक्तात मॅन्सनची ती दिवसाची अळी फार असेल, तर हत्तीरोग नसतानाही पट्टी कधी कधी होकार देते! हिवतापाच्या झटपट तपासणीचेही तेच. रोग बरा झाल्यावर कित्येक आठवडे ती होकार देत राहू शकते. उलट काही परजीवींमध्ये ती शोधते तो पदार्थच नसतो, मग रोग असून नकार येतो. घातक हिवतापाचे वाढलेले परजीवी खोलवरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, त्यामुळे बोटाच्या थेंबात ते थोडेच येतात. आधीच कुणी औषधाच्या गोळ्या घेतल्या असतील तर आणखी कमी. म्हणून हिवतापाच्या देशातून आलेल्या माणसाला ताप असेल तर जाणते डॉक्टर एका नकारावर थांबत नाहीत. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा, आणि पुन्हा, काच पाहतात. डेंग्यूत पहिल्या काही दिवसांत एक तपासणी उपयोगाची, आठवड्यानंतर दुसरी. मुलगा कुठून आला, कधी आला, ताप कितव्या दिवसाचा, हे घरच्यांनी न विचारता सांगितले तर अर्धे काम होते.

मॅन्सनच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रयोग १९०० सालचा. डास हिवताप देतो हे लंडनच्या लोकांना पटवायचे होते. रोममध्ये हिवतापाच्या रुग्णांना चावलेले डास खास पिंजऱ्यांत घालून लंडनला आणले गेले. चावून घ्यायला पुढे आला तो मॅन्सनचा थोरला मुलगा. त्याचेही नाव पॅट्रिक, वय तेविशीच्या आसपास, वैद्यकाचा विद्यार्थी. लहानपणापासून तो इंग्लंड सोडून हिवतापाच्या प्रदेशात गेलेला नव्हता, म्हणजे ताप आला तर तो डासाचाच. अमॉयच्या माळ्यानंतर तेवीस वर्षांनी डासांसमोर घरचाच हात आला, हे मॅन्सनच्या बाजूने नोंदवायला हवे. डास चावले, दिवस गेले. सप्टेंबरच्या मध्याला मुलाला थंडी वाजून ताप भरला आणि १७ तारखेला त्याच्या रक्तात परजीवी दिसले. वैज्ञानिक जिंकला. बापाचे काय झाले असेल ते मी कादंबरीकार असूनही लिहू धजत नाही. क्विनीन दिले, ताप गेला, रक्त स्वच्छ झाले.

नऊ महिन्यांनी, १९०१ च्या उन्हाळ्यात, लंडनमध्येच, पुन्हा एकही डास न चावता त्या मुलाला तोच ताप आला आणि रक्तात तेच परजीवी सापडले. मधल्या काळात ते कुठे होते? या प्रश्नाचे उत्तर बापाकडे नव्हते, जगात कुणाकडेच नव्हते. मुलाने स्वतःच्या आजाराची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. १९०२ मध्ये तो बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर गेला आणि तिथे बंदुकीच्या अपघातात मरण पावला.

मॅन्सन त्यानंतर वीस वर्षे जगला. १८९९ मध्ये त्याने काढलेली उष्ण कटिबंधीय वैद्यकाची शाळा भरभराटीला आली, त्याच्या ग्रंथाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, १९०३ मध्ये सर ही पदवी मिळाली. संधिवाताने बोटे वाकडी झाली तरी मासे पकडायचा छंद सुटला नाही. ९ एप्रिल १९२२ रोजी तो वारला आणि अॅबर्डीनला त्याला पुरले. ग्रंथ पुढे त्याच्या जावयाने सांभाळला.

मुलाच्या रक्तातून परजीवी कुठे गेले होते, ते १९४८ मध्ये कळू लागले. मॅन्सनच्याच शाळेतल्या शॉर्ट आणि गार्नहॅम या दोघांनी दाखवले, की डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात शिरतात आणि तिथे वाढून मगच रक्तात उतरतात. त्या दिवसांत रक्त कितीही तपासा, काच कोरी. पुढे १९८० च्या सुमारास यकृताच्या पेशींत निद्रिस्त पडून राहणारे, महिनोन्महिने न हलणारे सूक्ष्म ठिपके सापडले. मॅन्सनच्या मुलाला जो हिवताप झाला होता, त्याच जातीत ते असतात.